शंका आली तर उघडायचं

दारावरचा दिवा हिरवा झाला, कुलपाचा खटका पडला आणि उज्वला आत आली. तिच्या एका हातात दुधाची किटली होती, दुसऱ्या हातात कार्ड. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते.

"आक्का, हे बगा की," ती म्हणाली. "दार येडं झालंय."

"का? काय झालं?"

तिनं कार्ड माझ्या नाकासमोर धरलं. आमच्या निवासातली कार्डं पांढरी, निळ्या पट्टीची. हिच्या हातातल्या कार्डाला तांबडी पट्टी होती आणि त्यावर एका मिशीवाल्या माणसाचा फोटो होता.

"कुणाचं गं हे?"

"त्येंचं. सूतगिरणीचं. बटव्यात दोन्ही एका जागी हुती, घाईत हे लावलं मी. तरीबी उघडलं!"

ती हसत होती. नवऱ्याच्या कार्डावर दार बायकोला आत घेतं म्हटल्यावर मलाही आधी हसूच आलं. मग तिचं हसू थांबलं. माझं त्याच्या आधी थांबलं होतं.

ही गोष्ट इचलकरंजीतली, बऱ्याच वर्षांपूर्वीची. घर सोडून आलेल्या बायकांना आमच्याकडे ठेवून घेत. मी तिथं स्वयंपाक करत असे. उज्वला नुकतीच आली होती, तीन वर्षांच्या चिमीला काखेत मारून. निघताना तिनं खुंटीवरच्या शर्टातून नवऱ्याचं हे कार्ड काढून घेतलं होतं. कार्ड नसलं की गिरणीच्या गेटवर माणसाला अडवतात, टाइम ऑफिसात बसवून विचारपूस करतात. तेवढ्यात आपल्याला एस.टी. मिळेल, असा तिचा हिशेब. तो बरोबर निघाला होता. आली तेव्हा तिचा डावा डोळा पूर्ण मिटलेला होता.

नवी बाई आली की सुरुवातीला काही दिवस तिचं नाव कुठंही लिहायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. रजिस्टरात नाही, कॉम्प्युटरात नाही. पोलीस, पुढारी, भाऊबंद, कोण कुणाच्या ओळखीनं येऊन कागद बघून जाईल याचा नेम नसे. तिला नुसतं एक कार्ड द्यायचं आणि पोटभर जेवायला घालायचं. नाव नंतर.

मी पिठाचे हात तसेच घेऊन कुमुदताईंच्या खोलीत गेले. कुमुदताई मगदूम म्हणजे निवासाच्या संचालिका. त्यांच्या आईनं हे सुरू केलं, त्यांनी पुढं चालवलं. ताईंनी माझं ऐकून घेतलं, चष्मा चढवला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मग बाहेरून ते तांबड्या पट्टीचं कार्ड दाराशेजारच्या, कार्ड वाचणाऱ्या डबीला लावलं.

खटका पडला.

ताई आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"उज्वला, त्याच्याकडं आता नवीन कार्ड असेल?"

"असंलच की. कार्डाबिगर कामावर घेत न्हाईत."

"आणि तू इथं आहेस हे त्याला माहीत आहे?"

उज्वलानं खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं ती फरशी उकरू लागली.

"बोल गं," मी म्हणाले.

"मामाला फोन केलता त्येनी परवा. म्हनला, ती कुटं हाय मला म्हाईत हाय. लांबनं बगून आलोय म्हनला. आनि..."

"आणि काय?"

"हसून म्हनला, दाराला तर आमच्या गिरणीचीच डबी बसवलीया."

बाहेर कुणीतरी धुण्यावर काठी मारत होतं, तेवढाच आवाज.

ताईंनी सांगलीला फोन लावला. दाराची यंत्रणा करून देणारी छोटी कंपनी तिथली. निवासात पुरुष माणूस येऊ द्यायचा नाही, म्हणून ज्या बाईनं त्याचा प्रोग्राम लिहिला होता तिलाच पाठवा, असं ताईंनी सांगितलं. मग पोलीस चौकीला फोन केला. तिकडून उत्तर आलं, मंत्र्यांचा दौरा आहे, माणूस मोकळा झाला की पाठवतो.

"तोवर कडी घाला दाराला," मी म्हणाले.

"कुठली कडी, आक्का?"

खरंच की. आमच्याकडं एकाही दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी एका पोरीनं आतून कडी घालून स्वतःवर रॉकेल ओतलं होतं. तेव्हापासून थोरल्या बाईंनी, म्हणजे ताईंच्या आईनं, सगळ्या कड्या काढून टाकल्या होत्या. संडासालासुद्धा नुसता दोरीचा फास. पुढचं लोखंडी दार त्या विजेच्या कुलपावरच उभं होतं.

उज्वला उंबऱ्यापासून लांब, भिंतीला टेकून बसली.

"भिऊ नगंस," मी म्हणाले. "आमी हाय न्हवं."

ती एकदम उसळली. "तुमाला बोलायला काय जातंय? तुमास्नी ह्या वयात कोन हुडकत येनार हाय, आक्का?"

"व्हय की," मी म्हणाले. "मला कोन हुडकनार."

मी परत भाकरीला बसले, पण भाकरी काठाला चिरत होती. हाताला लय सापडत नव्हती. स्वयंपाकघराची खिडकी पुढच्या पडवीवर उघडते. गजांतून बाहेरचं फाटक दिसतं. फाटक वाजलं की मी थापणं सोडून बघे. पेपरवाला आला तरी, शेजारची शेळी शिंग घासायला आली तरी.

सांगलीची मुलगी दुपार व्हायच्या आत आली. गौतमी आवटी तिचं नाव. किडकिडीत, पाठीवर पिशवी, एस.टी.च्या धुळीनं केस भुरे झालेले. मला वाटलं होतं कुणी जाणती बाई येईल. ही तर लग्नात करवली म्हणून मिरवायच्या वयाची.

"चहा घेणार?"

"बिनसाखरेचा, मावशी. पण आधी ते कार्ड बघू."

ताईंच्या टेबलावर तिनं आपला छोटा कॉम्प्युटर उघडला आणि भिंतीवरच्या पेटीला वायर जोडली. कार्ड उलटं-सुलटं केलं. बराच वेळ वाचत राहिली. चहावर साय धरली. मग तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"ताई, हे दार दोन प्रश्न विचारतं. पहिला, कार्ड आमच्या कंपनीचं आहे का? गिरणीलाही आम्हीच कार्डं दिलीत, म्हणून त्याचं उत्तर हो. दुसरा, हे कार्ड इथल्या यादीत आहे का? त्याचं उत्तर नाही."

"मग उघडतं कसं?"

"यादीत नसेल तर उघडायचं आणि आत घंटी वाजवायची, असं लिहिलंय."

"घंटी तर प्रत्येक वेळी वाजतीया," मी म्हणाले. "कुनीबी आलं तरी वाजतीया. आमी आता ऐकतच न्हाई ती."

"असं कुणी लिहिलं?" ताईंचा आवाज चढला.

"मी लिहिलंय." गौतमीचा आवाज अगदी बारीक झाला. "तुम्ही सांगितलं होतंत म्हणून."

ताई खुर्चीत बसल्या. मलाही आठवलं. ही डबी बसवली तेव्हा सुरुवातीला शकुंतला नावाच्या बाईचं कार्ड पाण्यात भिजून खराब झालं होतं. ती बाहेर उभी राहून कार्ड लावत राहिली, दिवा तांबडाच. मागनं दीर आला. तिला पडवीतून केसाला धरून नेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा उंबऱ्यावर तिची एक चप्पल होती. नंतर ताई फोनवर कंपनीला किती ओरडल्या होत्या, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. मशीनला शंका आली तर उघडायचं! बाई दारात अडकता कामा नये! शंका आली तर उघडायचं!

"बरोबरच सांगितलं होतं मी," ताई हळू म्हणाल्या.

"हो," गौतमी म्हणाली. "मलाही तेव्हा बरोबरच वाटलं होतं. दुसरं कुणी आमचंच कार्ड घेऊन येईल, हे मला सुचलंच नाही. आता उलटं लिहिते. यादीत असेल तरच उघडेल. शंका आली तर बंद."

"किती वेळ लागेल?"

"लिहायला फार नाही. पण नवीन प्रोग्राम चढवताना पेटी बंद करून चालू करावी लागेल. तेवढ्या वेळात..."

"काय?"

"कुलूप सुटेल. वीज गेली की हे कुलूप सुटतंच. आग लागली तर कुणी आत कोंडून राहू नये म्हणून तसं असतं."

म्हणजे दार बंद करायचं तर आधी ते मोकळं करावं लागणार होतं.

एवढ्यात ताईंचा फोन वाजला. अंगणवाडीच्या बाई बोलत होत्या. चिमी आणि आमची आणखी काही पोरं पलीकडच्या गल्लीतल्या अंगणवाडीत जात. ताई ऐकत होत्या आणि "हं, हं" करत होत्या. त्यांची नजर चुकून उज्वलाकडं गेली. तेवढं पुरलं.

"चिमीचं काय?" उज्वला उठून उभी राहिली.

"काही नाही. समोरच्या पानपट्टीवर एक माणूस उभा आहे म्हणे. नुसता उभा आहे. त्यांनी पोरांना आत घेतलंय, दार लावलंय. पोलीस येईपर्यंत..."

"मी जाती."

"तू कुठंही जायचं नाहीस! त्याला तेच हवंय."

"मग दुसऱ्या कुनाला पाठवा!"

कुणाला पाठवणार? मूल आईच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाकडंही नाही, हाही आमचाच नियम. एकदा एका पोराच्या आज्जीनं गोड बोलून पोर नेलं होतं, तेव्हापासूनचा. अंगणवाडीच्या बाई कडक होत्या. ताईंच्या हातातही त्यांनी चिमीला दिलं नसतं.

"जरा दम धर," ताई म्हणाल्या. "आक्का, दाराला लावायला काही जड आहे का बघा. पोती आणा. गौतमी, तू सुरू कर."

मी आणि बाकीच्या बायका कोठीत गेलो. ज्वारीचं पोतं ओढायला दोघी-तिघी लागल्या. पोतं फरशीवरून घासत आणलं, दाराला लावलं. त्यावर गव्हाचं. गौतमी आतून ओरडली, "बंद करतेय हं!" आणि कुलूप सुटल्याचा आवाज आला. दार हलकंसं आत आलं. पोत्याला टेकून थांबलं. आम्ही सगळ्या पाठी लावून बसलो. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. माझ्या पाठीला चटका बसत होता, पण सरकायची छाती होत नव्हती.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, "उज्वला कुटं हाय?"

आम्ही कोठीत होतो तेवढ्यात ती गेली होती. दार घासल्याचं नाही, चपलेचं नाही, आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. ताईंनी भिंतीला हात लावून आधार घेतला.

त्यानंतरचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. गौतमीची बोटं चालत होती ते ऐकू येत होतं. मध्येच ती थांबायची, स्वतःशी काही पुटपुटायची, परत सुरू करायची. एक बाई देवाचं नाव घेत होती. तिला दुसरी म्हणाली, "मनातल्या मनात घे गं, भ्या वाटतंय."

मग कुलूप लागलं. दार आपोआप घट्ट ओढलं गेलं.

"झालं," गौतमी घाम पुसत म्हणाली. "आता यादीत नसलेलं कुठलंही कार्ड लागलं तरी दार हलणार नाही. गिरणीचं कार्ड द्या, बाहेरून लावून बघू या."

ताईंनी टेबलावरचं ते कार्ड उचललं. आम्ही पोती बाजूला ओढायला लागलो. आणि फाटक वाजलं.

मी खिडकीशी पळाले. उज्वला येत होती. चिमीला छातीशी दाबून, पदर खांद्यावरून सुटलेला, एका पायात चप्पल नाही. ती पडवीत चढली. तिच्यामागं थोड्या अंतरावर तो होता. फोटोतला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशी विंचरलेली. तो पळत नव्हता. पळत असता तर मला इतकी भीती वाटली नसती. हातातलं कार्ड बोटांवर फिरवत, लग्नाला निघाल्यासारखा तो सावकाश चालत येत होता.

उज्वलानं डबीला कार्ड लावलं. आमचंच, निळ्या पट्टीचं.

डबी दोनदा वाजली. दिवा तांबडा.

तिनं परत लावलं. परत तांबडा.

"आक्का!" ती ओरडली. "आक्का, घेत न्हाई! घेत न्हाई मला!"

"का घेत नाही?" गौतमी पडद्याकडं बघत म्हणाली. "हिचं कार्ड यादीतच नाही. का नाही?"

ताई हळूच म्हणाल्या, "नवीन आहे ती. नव्या बाईचं नाव आम्ही लिहीत नाही."

"मग इतके दिवस ती आत कशी येत होती?"

तिनं विचारलं आणि तिचं तिलाच उत्तर कळलं. आम्हा सगळ्यांनाच कळलं. आमच्याकडची प्रत्येक नवी बाई त्याच भोकातून आत येत होती. ते आम्ही आता बुजवलं होतं, आणि उज्वला बाहेर राहिली होती.

"नंबर टाकते, कार्डाचा नंबर काय?"

"कार्ड तिच्याकडं आहे!"

तो पडवीच्या पायरीपर्यंत आला होता. "उज्वला," तो म्हणाला. आवाज अगदी साधा. "चल घरला. लोकं बगायल्यात. तमाशा नगं."

दार आतून उघडायला भिंतीवर एक बटण आहे. मी तिथं पोहोचले तेव्हा ताईंनी माझा हात धरला.

"आक्का, थांबा. तो आत आला तर? आत एवढ्या बायका आहेत."

त्यांचं चुकत नव्हतं. माझ्या मागं एवढ्या बायका उभ्या होत्या आणि त्यातल्या प्रत्येकीला शोधत कुणी ना कुणी फिरत होतं. एकाला रस्ता सापडला की सगळ्यांना सापडतो. माझी मानही मागं वळली. पण दारावर चिमीच्या हाताच्या थापा पडत होत्या. लहान हाताच्या थापेचा आवाज मोठ्या माणसाच्या थापेसारखा नसतो. गव्हाचं पोतं अजून अर्धं दारात होतं. मी पायानं ते लोटलं आणि बटण दाबलं.

दार वीतभर उघडलं. आधी चिमी आली, बोचकं आत टाकावं तशी. मग उज्वलाचा खांदा, डोकं. मी तिच्या दंडाला धरून ओढलं. पलीकडून त्याचा हात आला. मला त्याच्या बोटांवरचे काळे केस दिसले, मनगटावरचं घड्याळ दिसलं. आम्ही सगळ्यांनी मिळून दारावर अंग टाकलं. हात मागं गेला. कुलूप लागलं.

उज्वला आत होती, पण तिचा पदर दारात अडकला होता. आणि पदराचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

तो ओढायला लागला. लुगडं तिच्या खांद्यावर, मानेवर आवळत गेलं. तिची पाठ दाराला जाऊन भिडली. एका बाईनं पिन काढायचा प्रयत्न केला, ती निघेना. शेवटी साडी ब्लाउजसकट फाटली.

आणि मग त्यानं ओढायचं थांबवलं.

"का थांबला?" कुणीतरी कुजबुजलं.

बाहेर डबी वाजली.

त्यानं आपलं कार्ड लावलं होतं. दाराला आतून टेकलं की दिवा दिसत नाही. आतून फक्त ऐकू येतं. आधी डबी वाजते, मग खटका पडतो. एवढी वर्षं त्या दोन आवाजांच्या मधली जागा कधी माझ्या ध्यानातही आली नव्हती. आता तिथं आम्ही सगळ्या उभ्या होतो. गौतमी डोळे मिटून म्हणत होती, "लिहिलंय मी. बरोबर लिहिलंय. बरोबर लिहिलंय." तिनं ते अजून तपासलेलं नव्हतं. ते तपासायचं कार्ड ताईंच्या मुठीत आवळलेलं होतं.

खटका पडला नाही.

डबी परत वाजली. परत खटका पडला नाही.

मग तो लावतच राहिला. न थांबता, न ओरडता. डबी वाजायची, आणि मग काहीच नाही. डबी वाजायची, आणि मग काहीच नाही. त्याला शेवटी चिडून दारावर लाथ घालावी लागली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. लाथेची सवय असते. त्या शांतपणाची नव्हती.

पोलीस आला तोवर तो पायरीवर बसून होता. हवालदारानं त्याला चौकीवर नेलं, आणि समज देऊन संध्याकाळी सोडून दिलं. तेव्हा हे असंच चाले.

उज्वला चिमीला मांडीवर घेऊन माझ्या चुलीपाशी बसली होती. चिमीला दोन घास भरवले तर तिनं तोंडात धरून ठेवले, गिळले नाहीत. पलीकडं ताई आणि गौतमी यांचं चाललं होतं.

"नव्या बायकांची नावं घालावी लागतील, ताई. नाहीतर उद्या परत हेच होणार."

"नाव लिहायचं नाही. काही झालं तरी नाही."

"मशीनला रिकामी जागा चालत नाही. आता रिकामं म्हणजे बंद. मी दार बंद केलंय ताई, पण बाहेर कोण राहणार ते तुम्हीच ठरवायचंय. मला ते परत एकटीनं ठरवायचं नाही."

गौतमी रडायच्या बेतात होती. एवढीशी पोर, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं.

"माजं लिव," मी स्वयंपाकघरातून म्हणाले.

"तुमचं आहे की यादीत, मावशी."

"परत लिव."

"म्हणजे?"

"हिच्या कार्डावर माजं नाव लिव. दुसरी नवी आली की तिच्याबी कार्डावर माजंच. कागद बगून जाऊ दे कुनाला बगायचं ते. किती का हौसाबाया असंनात."

गौतमीनं ताईंकडं बघितलं. ताईंनी माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाल्या, "लिही."

तिनं लिहिलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. मी अक्षरं शिकले पन्नाशी उलटल्यावर, इथल्याच संध्याकाळच्या वर्गात. तेव्हा मला भरभर वाचता येत नव्हतं, पण तेवढं नाव बोट न फिरवता ओळखता येई. हौसाबाई. खाली परत हौसाबाई.

"आता बाहेरून लावून बघायला हवं," गौतमी म्हणाली.

उज्वलानं मान हलवली. ती बाहेर जाणार नव्हती, आणि कुणी तिला जा म्हणणारही नव्हतं. मी तिचं कार्ड घेतलं आणि पडवीत गेले. मागं दार लागलं.

दिवेलागणीची वेळ होती. उंबऱ्यात पदराची फाटकी पट्टी पडली होती. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं. तो होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. माझी पाठ उघडी पडल्यासारखी वाटली. कार्ड धरलेला हात डबीपर्यंत जाईना. एकदा पोहोचला आणि परत आला. शेवटी दुसऱ्या हातानं मनगट धरून मी तो नेला.

डबी वाजली.

मी मागं वळून बघितलं नाही.

दिवा हिरवा झाला. खटका पडला. आत घंटी वाजली आणि गौतमी पडद्यावरचं वाचत म्हणाली, "हौसाबाई आल्या."

मी आत आले. गव्हाच्या पोत्यावरच बसले. कुमुदताईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांना आणि मलाच ठाऊक होतं. त्यांच्या आई गेल्यानंतर आणखी कुणाला ठाऊक नव्हतं.

मीही याच दारात उभी राहिले होते. तेव्हा दार लाकडी होतं आणि डबी नव्हती. थोरल्या बाईंनी दार उघडून नाव विचारलं. मागं तो येतोय की काय, हे मला कळत नव्हतं. खरं नाव सांगितलं तर तो ऐकेल असं वाटलं. तोंडाला पहिलं आलं ते मी सांगून टाकलं. आमच्या म्हशीचं नाव हौशी होतं. थोरल्या बाईंना ते कळलं असावं. त्यांनी मला आत घेतलं आणि पुढं कधीच विचारलं नाही.

उज्वला आता लांब असते, बरी असते. चिमीचं लग्न झालं. ज्याच्या भीतीनं मी आले होते, तो मेल्याचं मला कळलं, त्यालाही जमाना झाला. पण कुठं डबी वाजली, बँकेत, दवाखान्यात, की माझा श्वास अजून थांबतो. खटका पडेपर्यंत थांबलेलाच राहतो.

माझं खरं नाव मी इथंही लिहिलेलं नाही.